डेलियाचा कंद आणि पाण्याचा हिशेब

या स्मरणिकेत संस्थेच्या स्थापनेचा, इमारतींचा, निकालांचा आणि देणगीदारांचा इतिहास येईलच. तो लिहिण्यास माझ्याहून अधिक अधिकारी माणसे आपल्यात आहेत. मी या निवासी शाळेत १९९४ ते २०२० अशी सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यांतील एकोणीस वर्षे भोजनगृहामागच्या भिंतीलगतच्या कुंड्यांची देखरेख केली. त्या कुंड्यांत डेलिया असे. माजी विद्यार्थी आता कधी बसस्थानकावर, कधी एखाद्या लग्नात भेटतात. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण त्यांच्यापैकी कित्येकांना आठवत नसेल, पण पहिल्या चार वाक्यांत प्रश्न येतो, "बाई, डेलिया आहे का हो अजून?" त्या प्रश्नाला रस्त्यात उभ्याने देता येते त्याहून थोडे सविस्तर उत्तर द्यावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

सोलापूर हे डेलियाचे गाव नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. या झाडाला थंड रात्री, सौम्य ऊन, ओलसर पण पाणी न साचणारी माती लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून बसतो, पाऊस पर्जन्यछायेतला, त्यातही त्याचा मोठा भाग सप्टेंबरात परतीच्या वाटेवर पडणारा, आणि माती काळी, चिकट. ओली असता पाय सोडत नाही आणि वाळली की हाताचा पंजा जाईल एवढी भेगाळते. अशा ठिकाणी डेलियाला जगण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढीच एक फट मिळते. हुरड्याचे आणि गड्ड्याच्या यात्रेचे जे दिवस, तेच डेलियाचे दिवस. युरोपातील माणसे वसंतात कंद लावतात, उन्हाळ्यात फुले पाहतात आणि हिवाळ्यातील हिमापासून वाचवण्यासाठी कंद उकरून घरात ठेवतात. आपण तेच वर्ष उलटे जगतो. आपल्याला कंद जपायचा असतो तो उन्हापासून आणि नंतर पावसापासून.

हे कंद आपल्याकडे आले २००१ च्या जूनमध्ये. एका विद्यार्थिनीचे वडील पुण्यात बंगल्यांवर माळीकाम करीत. मुलीला पाचवीत दाखल करून परतताना त्यांनी गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "बाई, पैशाच्या रूपानं द्यायला माझ्याकडं काही नाही. हे ठेवा. दसऱ्याच्या आधी लावा." आत मातीने माखलेल्या रताळ्यांसारखे पाच घोस होते, प्रत्येकाच्या बुंध्याला निरनिराळ्या रंगाच्या सुताची गाठ. लाल सुताचा लाल फुलांचा, पांढऱ्याचा पांढऱ्या, पिवळ्याचा पिवळ्या. गुलाबी आणि जांभळा हे उरलेले दोन. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ती नोंद होती. पुढे आम्ही कुंड्यांवर नावांच्या पाट्या लावल्या, पण घोसांना सूत बांधण्याची ती पद्धत कधी सोडली नाही. चादरींच्या या शहरात रंगीत सुताला तोटा नव्हता.

डेलिया परदेशी फूल आहे, मग ते आपल्या अंगणात कशाला, असे कोणीतरी दरवर्षी विचारीच. त्यासाठी मी वर्गात फळ्यावर नकाशा लावत असे. डेलियाचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेश. तिथले ॲझ्टेक लोक त्याचे कंद खात. स्पॅनिश लोकांनी तो देश जिंकल्यानंतर कित्येक वर्षांनी, १७८९ साली, मेक्सिकोतून त्याचे बी माद्रिदच्या राजउद्यानात पोहोचले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनी १७९१ मध्ये त्याला नाव दिले ते आंद्रेआस डाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. डाल हे लिनियसचे शिष्य. युरोपात बटाट्यासारखे हे नवे अन्न रुजेल का, अशीही आशा काहींना होती. चव कोणाला मानवली नाही आणि कंद ताटातून बागेत गेला. १९६३ पासून डेलिया हे मेक्सिकोचे राष्ट्रीय फूल आहे.

मग मी मुलांना विचारी की सोलापूरची शेंगाचटणी कुठली? सगळे एकमुखाने म्हणत, "सोलापूरची!" त्यातला शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि लाल मिरची डेलियाच्याच मुलखातली. दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडूही मेक्सिकोचाच. झेंडूला येऊन काही शतके झाली म्हणून तो आपला वाटतो, डेलिया उशिरा आला म्हणून पाहुणा. वर्ग हसे. पण मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हसण्याऐवजी विचारात पडलेला दिसे, आणि त्याच्यासाठी तो तास मला सार्थकी लागल्यासारखा वाटे. मूळचे कोण आणि उपरे कोण, हा प्रश्न आपल्या मुलांनी पुस्तकाबाहेरही पुष्कळ ऐकलेला असतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. ज्यांना आपल्या घरी लावायचे आहे त्यांच्यासाठी ते नीट सांगते.

ऑगस्टच्या अखेरीस कंद बाहेर काढून ओलसर वाळूत निम्मे बुडवून सावलीत ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत बुंध्यापाशी कोंब फुटतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बटाटा हे जमिनीतले खोड आहे, म्हणून त्याला अंगभर डोळे असतात आणि कुठलाही डोळ्याचा तुकडा उगवतो. डेलियाचा कंद हे फुगलेले मूळ आहे. त्याला डोळा असतो तो फक्त वरच्या टोकाला, जिथे तो जुन्या खोडाला चिकटलेला असतो तिथे. म्हणून घोस विभागताना प्रत्येक कंदाबरोबर त्या खोडाचा लहानसा भाग आला पाहिजे. कंद कितीही जाडजूड असला आणि मान तुटलेली असली, तर तो महिनोन्‌महिने मातीत तसाच पडून राहतो. त्याला मुळे फुटतात, पण कोंब येत नाही. उलट करंगळीएवढा कंद डोळ्यासह आला तर त्याचे झाड होते. मुले चाकूने घोस कापताना श्वास रोखून पाहत. डोळा शोधणे हे त्या कामातले खरे कौशल्य, आणि ते साधारणतः सहावीतल्या मुलींना दहावीतल्या मुलांपेक्षा लवकर येई.

कोंब चार बोटे वाढले की पेराच्या खाली कापून त्यांची कलमे वाळूत लावता येतात. वीस दिवसांत मुळे धरतात. एका घोसापासून अशी आठ-दहा रोपे मिळतात. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, हस्ताचा पाऊस ओसरला की, रोपे बारा इंची कुंडीत हलवायची. आमचे मिश्रण ठरलेले होते. दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी मुरलेले शेणखत, एक पाटी पालापाचोळ्याचे खत, अर्धी पाटी जाड वाळू, आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड व मूठभर चुलीची राख. काळी माती शक्यतो नको, कारण तिच्यात पाणी साचते आणि कंद कुजतो. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा. झाडाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात. डेलियाचे खोड आतून पोकळ असते, फुलाच्या भाराने ते मोडते. म्हणून आधार लावतानाच द्यायचा. बांबू विकत आणण्याची ऐपत नव्हती तेव्हा पालक तुराट्यांची मोळी आणून देत, आणि बांधायला सूत होतेच.

कळ्या दिसू लागल्या की शेंगदाण्याची पेंड व ताजे शेण आठ दिवस पाण्यात आंबवून, फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून दर आठवड्याला घालायचे. मावा आणि फुलकिडे येतात. त्यांवर निंबोळी अर्क पुरे होतो. फेब्रुवारीत ऊन तापले की पानांखाली लाल कोळी जाळी धरतो. तेव्हा पहाटे पाने खालून ओली करावीत. पानांवर पिवळसर चट्टे पडून झाड खुरटले तर तो बहुधा विषाणूचा रोग असतो. ते झाड कंदासह उपटून नष्ट करावे. तिथे माया दाखवली तर रोग मावा इतर कुंड्यांत नेतो. फुलांचा हंगाम संपला की पाणी कमी करत न्यावे. एप्रिलमध्ये झाड वाळले म्हणजे बुंध्यापासून चार बोटे ठेवून कापावे, घोस अलगद उकरून दोन दिवस सावलीत सुकवावा आणि कोरड्या वाळूच्या मडक्यात, घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा. आमचा गार कोपरा म्हणजे धान्याच्या कोठीतील उत्तरेची भिंत.

विज्ञानाची शिक्षिका म्हणून या झाडाने मला जितके साहित्य पुरवले तितके प्रयोगशाळेच्या कपाटाने पुरवले नाही. ज्याला आपण एक फूल म्हणतो ते असंख्य लहान फुलांचे एकत्र कुटुंब असते. पाकळी वाटते ती प्रत्येक एक स्वतंत्र फूल. सूर्यफूल, शेवंती आणि आपल्या रानातली करडई याच कुळातली. हे सांगताना मुलांच्या हाती एकेक पाकळी देता येई. आणखी एक धडा बियांचा. डेलियाचे बी धरून लावले तर आईसारखे झाड येईल याची काही शाश्वती नसते. लाल फुलाच्या बियांतून पिवळे, जांभळे, पट्ट्यांचे, कधी एकेरी पाकळ्यांचे झाड येते. पुष्कळ सजीवांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात; बागेतल्या डेलियात आठ, एकूण ६४ गुणसूत्रे. त्यामुळे प्रत्येक बी म्हणजे नवा डाव. नव्या जाती अशाच निपजतात. आपल्या देशात रामकृष्ण मिशनचे संन्यासी स्वामी विनयानंद यांनी याच रीतीने डेलियाच्या अनेक जाती तयार केल्या. आम्हीही एका वर्षी बी लावले. बारा रोपांपैकी एकही फूल मुळासारखे आले नाही. आठवीच्या एका मुलाने वहीत निष्कर्ष लिहिला होता की बी कोणाचे आहे ते सांगता येते, पण फूल कसे येईल ते फुलल्यावरच कळते. त्याला मी पूर्ण गुण दिले.

एक वाद मात्र आमच्यात बरीच वर्षे चालला. डेलियाच्या फांदीच्या टोकाला बहुधा तीन कळ्या येतात. मधली ठेवून बाजूच्या दोन खुडल्या, तर झाडाची सगळी ताकद एका फुलात जाते आणि ते ताटाएवढे होते. प्रदर्शनातली मोठी फुले अशीच तयार होतात. शहरातील एका पुष्पप्रदर्शनात आम्ही दोन वर्षे कुंड्या पाठवल्या आणि एकदा दुसरा क्रमांकही आला. तिसऱ्या वर्षी कळ्या खुडायला बसलो असता सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, मधली कळी मधे आली एवढंच की. या दोघींनी काय केलंय?" मी तिला वाढीचे शास्त्र समजावून सांगितले. तिला ते समजले होते; तिचा प्रश्न वेगळा होता. त्याच सुमारास दहावीच्या निवडक दहा मुलांसाठी जादा तास घ्यावेत आणि त्यांना वेळ मिळावा म्हणून उरलेल्यांचे वर्ग एकत्र करावेत, असा विषय शिक्षकांच्या बैठकीत आला होता. बैठकीत मी त्या मुलीचा प्रश्न सांगितला. जादा तास झाले, पण ते सर्वांसाठी, पहाटे. आणि कुंड्यांचे असे ठरले की निम्म्या कुंड्यांच्या कळ्या खुडायच्या, निम्म्यांच्या नाही. जानेवारीत दोन्ही रांगा शेजारी शेजारी फुलत. कोणती अधिक चांगली याचा निकाल मुलांनी अखेरपर्यंत लावला नाही, आणि मीही लावला नाही.

आता पाण्याविषयी. या लेखात जड असे काही असेल तर ते इथेच आहे.

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणे ही कोणाला नवलाची गोष्ट वाटत नाही. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात असूनही ही स्थिती. आपल्या समाजाला तर पाण्याचे मोल कोणी शिकवण्याची गरज नाही. महाडचे चवदार तळे १९२७ चे. आणि आपल्या शहराजवळच्या वळसंग गावात समाजाने स्वतः खोदलेली विहीर १९३७ साली बाबासाहेबांच्या हस्ते खुली झाली. आपल्या सहली तिथे जातातच. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना घोटभर पाण्यासाठी ओंजळ धरून उभे राहावे लागले, त्यांच्या मुलांच्या शाळेत तीस कुंड्या फुलांना पाणी घालावे का?

हा प्रश्न मी कल्पनेने लिहिलेला नाही. तो मला एका पालकांनी विचारला. ते उसतोडीला जाणारे गृहस्थ. कारखान्यावर निघण्याआधी दिवाळीच्या सुमारास मुलाला भेटायला आले होते. मुलगा त्या वेळी झारीने कुंड्यांना पाणी घालत होता. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि मला म्हणाले, "बाई, आमच्या गावात बाया दोन कोसांवरनं घागरी आणतेत. अन् तुम्ही पोरांना फुलाला पाणी घालायला शिकवताय व्हय? याला ना वास, ना फळ." ते रागाने बोलले नव्हते. त्यामुळेच त्यांना सौंदर्याविषयी चार वाक्ये ऐकवून वाटेला लावणे मला शक्य झाले नाही.

पुढच्या शनिवारी बालसभेत मी तो प्रश्न जसाच्या तसा मांडला. मुलांनी मोजणीपासून आरंभ केला. हिवाळ्यात बारा इंची कुंडीला दिवसाला साधारण दीड-दोन लिटर पाणी लागते. तीस कुंड्यांचे झाले पन्नास-साठ लिटर. म्हणजे पाच घागरी. पाच घागरींत एक कुटुंब दिवस काढते. सभा बराच वेळ गप्प होती. मग स्वयंपाकघरातल्या पाळीची एक मुलगी उठून म्हणाली की तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी रोज मोरीत जाते, ते मोजू या. आठ दिवस मोजले. कमी-अधिक चाळीस लिटर भरले. त्यानंतर नियम ठरला तो असा: पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही फुलांना घालायचा नाही; जेवढे धुवण भरेल तेवढ्याच कुंड्या ठेवायच्या. कुंड्या बाविसावर आल्या. मातीवर उसाच्या पाचटाचा जाड थर आला, त्यामुळे ओल टिकू लागली. सोलापुरात १९३० च्या दशकात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. जमिनीतली ओल राखणे हाच त्याचा गाभा. मुलांना ते संशोधन केंद्र दाखवून आणले होते, त्याचा उपयोग इथे झाला. पुढच्या भेटीत त्या पालकांना मी वही दाखवली. त्यांनी आकडे मुलाकडून वाचून घेतले, मान हलवली आणि म्हणाले, "हिशोब बरोबर हाय. फुलाचं मात्र मला पटत नाही." त्यांचे ते मत आजही तसेच आहे, आणि ते शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला येतात.

त्या नियमाची खरी परीक्षा २०१५ च्या दुष्काळात झाली. उजनीतील साठा मृतसाठ्याच्या खाली उतरला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे आपल्याच जिल्ह्यातून, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून गेली. वसतिगृहात टँकर येत होता. आंघोळ एका बादलीवर आणि पुढे अर्ध्या बादलीवर आली. तांदूळ एकाच पाण्यात धुतला जाई. धुवण घटले तसे कुंड्यांची संख्या आठ ठरली. फुलांसाठी नव्हे, केवळ बेणे टिकावे म्हणून. पाचही रंगांची किमान एकेक कुंडी असावी एवढा आग्रह मुलांनी धरला, आणि त्या वर्षी कळ्या आल्या त्या सगळ्याच खुडल्या, म्हणजे ताकद कंदात उतरेल. फूल न पाहता वाढवलेला तो आमचा एकच हंगाम. तरीही कंद बोटाएवढेच भरले. त्या उन्हाळ्यात धान्याच्या कोठीची भिंतही गार राहिली नाही. सप्टेंबरात मडकी उघडली तेव्हा चार रंगांचे कंद वाळून लाकूड झाले होते. कोंब फुटला तो फक्त जांभळ्याला.

इथे एक जुनी रीत कामी आली. २००३ पासून, दहावीचा निकाल लागल्यावर शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला मुले येत, तेव्हा दाखल्याबरोबर प्रत्येकाला कागदात गुंडाळलेला, डोळा असलेला एक कंद दिला जाई. सूत बांधलेला. त्यामागे काही मोठा विचार नव्हता; घोस विभागले की कंद उरत, आणि उरलेले फेकायचे जिवावर येई. डेलियाचा घोस न विभागता तसाच वर्षानुवर्षे ठेवला तर तो गर्दी करून कमजोर होतो, म्हणून विभागणे भागच असते. त्या सप्टेंबरात आम्ही माजी विद्यार्थ्यांना फोन केले. तेरा वर्षांत दिलेल्या कंदांचा शोध घेतला. बहुतेकांचे उत्तर नकारार्थी आले. कोणाच्या घरी ऊन फार होते, कोणाच्या घरी अंगणच नव्हते. एकीच्या आजीने ते रताळे समजून उकडले आणि बेचव म्हणून म्हशीला घातले. दोघांनी मात्र जपले होते. मिरजेला परिचारिका असलेल्या एका विद्यार्थिनीच्या खोलीच्या गॅलरीत पांढरा जिवंत होता. आणि बार्शी तालुक्यातल्या एका गावात, एका विद्यार्थ्याच्या आईने न्हाणीच्या पाण्यावर लाल डेलिया धरला होता. तिने मुलाला दिलेला कंद मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यावरही दरवर्षी उकरून, पुन्हा लावून सांभाळला होता. ती माउली एस.टी.ने स्वतः आली. पिशवीत तीन घोस, आणि त्यांना लाल सूत.

पिवळा आणि गुलाबी परत आले नाहीत. पुण्याहून ज्यांनी ते प्रथम आणले ते माळीकाका त्याआधीच वारले होते. बाजारातून दुसरे पिवळे आणता आले असते, रोपवाटिकेत मिळतात. पण मुलांनी त्या दोन जागा रिकाम्या ठेवायचे ठरवले. एक वर्ष रिकाम्या ठेवल्या, आणि मग त्या जागी पांढरा व लाल लावला. झाडे लावणाऱ्याला फार काळ रिकामी कुंडी पाहवत नाही.

फुले तोडावीत की नाहीत, यावरही आमच्यात मतभेद असत. पौर्णिमेच्या वंदनेला डेलियाची एक-दोन फुले ठेवली जात. ताटाएवढे फूल सकाळी उमललेले, आणि तिसऱ्या दिवशी कडेच्या पाकळ्या तपकिरी. पुष्पपूजेची गाथा मुले रोज म्हणत. फूल कोमेजते तसे हे शरीरही जाणारे आहे, हा तिचा आशय त्यांना पाठ होता. तो डोळ्यांनी पाहायला त्या तबकाशी थांबावे लागे. एरवी फूल झाडावरच राहू देत. झाडावरचे फूलही कोमेजतेच, पण त्या वेळी खाली मातीत कंद भरत असतो, हे त्यांना ठाऊक असे.

तेव्हा मला विचारणाऱ्या सर्वांना उत्तर असे की, हो, डेलिया आहे. तीन रंगांचा आहे. माझ्या निवृत्तीनंतर एका तरुण शिक्षिकेने काम हाती घेतले आहे आणि पाण्याची वही तिनेही चालू ठेवली आहे. या हिवाळ्यात बावीसच कुंड्या आहेत. नळाचे पाणी वाढले म्हणून त्या वाढवलेल्या नाहीत. आपल्यापैकी कोणाकडे गॅलरी असेल, चार तास सकाळचे ऊन येत असेल आणि घरात तांदूळ धुतला जात असेल, तर त्यांनी जूनमध्ये शाळेत येऊन कंद न्यावा. दाखला पूर्वीच घेऊन गेला असाल तरी चालेल. कोरड्या वाळूत ठेवावा, सप्टेंबरात ओल द्यावी, आणि पुढच्या एप्रिलमध्ये घोस उकरला की त्यातला एक कंद शेजारी द्यावा. २००३ ते २०२० या काळात ज्यांना पिवळे किंवा गुलाबी सूत बांधलेला कंद मिळाला होता, त्यांनी एकदा माहेरी, गावाकडे, जुन्या घराच्या परसात चौकशी करावी. न्हाणीच्या पाण्यावर एखादे झाड अजून तग धरून असेल. सापडले तर घोस उकरताना मान तुटू देऊ नका. डोळा तिथेच असतो.